नळी निघाल्यावर पाण्याचा पहिला घोट देण्याआधी

हृदयाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूतून कान-नाक-घसा आणि वाचा-गिळणे विभागाला येणारा निरोप बहुतेक वेळा ठरलेला असतो. "काल श्वासाची नळी काढली, आवाज बसलाय, पाणी दिलं की ठसका लागतो, जरा बघून जा." नातेवाइकांना काळजी आवाजाची असते. आम्ही आधी ठसक्याचं विचारतो: कधीपासून, कशाने, आणि त्यानंतर ताप आलाय का. आवाज चार दिवस बसलेला राहिला तरी काही बिघडत नाही, पण ज्याचे स्वरतंतू नीट मिटत नाहीत त्याच्या फुप्फुसात चहा-पाणी उतरायला एक दिवसही पुरतो.

खाटेपाशी जाण्याआधी फाइल उघडायची. शस्त्रक्रिया नेमकी कोणती होती, महाधमनीच्या कमानीवर काम झालं का, डावीकडच्या लसिका ग्रंथी काढल्या का, छाती दुसऱ्यांदा उघडली आहे का आणि श्वासाची नळी किती तास होती, एवढं कळलं की निम्मं निदान तिथेच होतं. त्याचं कारण नसेच्या वाटेत आहे.

स्वरतंतू हलवणारी नस म्हणजे रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. ती मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणाऱ्या व्हेगस नसेची फांदी. ती घशात थेट शिरत नाही, आधी खाली जाते आणि वळसा घालून परत वर येते. उजवीकडची नस उजव्या सबक्लेव्हियन, म्हणजे हाताकडे रक्त नेणाऱ्या, धमनीखालून, म्हणजे मानेच्या मुळाशीच वळते. डावी मात्र छातीत महाधमनीच्या कमानीपर्यंत उतरते, लिगामेंटम आर्टेरिओसमला (कमान आणि फुप्फुसधमनी जोडणाऱ्या दोरीसारख्या बंधाला) लगटून कमानीखालून वळते आणि श्वासनलिका-अन्ननलिकेमधल्या खाचेतून वर चढते. छातीत तिचा मुक्काम मोठा, म्हणून छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचा लकवा बहुधा डावीकडचा असतो. उजवा तंतू थांबलेला दिसला तर शोध वेगळीकडे घ्यावा लागतो: बायपाससाठी उजवी अंतर्गत स्तनधमनी (छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी) वरपर्यंत सोडवली होती का, उजव्या मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी (सेंट्रल लाइन) घालताना त्रास झाला होता का, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया होती का, की दोष नळीचाच आहे.

जोखमीत सगळ्यात वर महाधमनीच्या कमानीची शस्त्रक्रिया. धमनीविस्फार असेल तर नस आधीच ताणलेली, कधी फुगलेल्या भिंतीला चिकटून चपटी झालेली असते. अशा वेळी सर्जनला ती दिसली तरी प्रत्येक वेळी वाचवता येतेच असं नाही. कमानीच्या जागी बसवलेल्या कृत्रिम रक्तनळीचा शेवटचा सांधा डाव्या सबक्लेव्हियन धमनीच्या पलीकडे घ्यायचा म्हटला तर काम नसेच्या अगदी अंगावर येतं. हा सांधा एक टप्पा अलीकडे, डावी कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी धमनी) आणि डावी सबक्लेव्हियन यांच्यामध्ये घेण्याकडे आता अनेक सर्जनांचा कल आहे आणि त्यामागचं एक कारण ही नस आहे. नोंदीत सांधा कुठे घेतला हे लिहिलेलं असतं, ते शोधून वाचायचं.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत डावा वरचा खंड किंवा अख्खं डावं फुप्फुस काढलं असेल आणि कर्करोगासाठी कमान व फुप्फुसधमनी यांच्यामधल्या खिडकीतल्या ग्रंथी उचलल्या असतील, तर संशय लगेच धरायचा. पॅथॉलॉजीच्या भाषेत ही ५ आणि ६ क्रमांकाची स्थानकं. श्वासनलिकेच्या डाव्या अंगाला ४-एल. इथे नस कापली जायलाच हवी असं नाही. कॉटरीची, म्हणजे विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची, उष्णता काही मिलिमीटर पसरली तरी ती भाजते, नुसत्या ओढीनेही बधिर होते. म्हणून या जागी अनेक सर्जन कॉटरी बाजूला ठेवून थंड कात्री आणि क्लिप वापरतात. अन्ननलिकेच्या कर्करोगात तर ग्रंथी दोन्ही नसांच्या कडेनेच साफ करायच्या असतात, त्यामुळे तिथे दोन्ही बाजू धोक्यात.

बायपासमध्ये लकवा तुलनेने कमी, पण शस्त्रक्रियाच इतक्या होतात की आमच्याकडे येणाऱ्यांत बायपासवाले नेहमी भेटतात. कारणं बरीच असतात आणि कुठलं एक खरं ते शेवटपर्यंत ठरत नाही. स्तनधमनी तिच्या उगमापर्यंत सोडवणं, छातीचं हाड फाकवताना सबक्लेव्हियन धमनीवर येणारा ताण, हृदयाभोवती टाकलेला बर्फाचा चुरा, अन्ननलिकेतून घातलेला इकोचा प्रोब, आणि नळी. बर्फाचा आणि स्तनधमनीच्या कामाचा फटका श्वासपटल हलवणाऱ्या फ्रेनिक नसेलाही बसतो. म्हणून डावा स्वरतंतू थांबलेला असेल तर छातीचा एक्स-रे बघून श्वासपटलाचा डावा भाग वर चढलाय का ते तपासायचं. दोन्ही असतील तर खोकल्याचा जोर दोन्हीकडून गेला, आणि अशा माणसाला न्यूमोनिया गाठतोच असं धरून चालायचं.

झडपेच्या रुग्णांत आणखी एक पेच आहे. संधिवाती तापाने मायट्रल झडप आकसलेली माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ. त्यांच्यात आवाज शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच बसलेला असू शकतो. व्हिएन्नाच्या ऑर्टनर यांनी १८९७ साली हे नोंदवलं. फुगलेल्या फुप्फुसधमनी आणि महाधमनीच्या मध्ये डावी नस चेपली जाते. हा लकवा शस्त्रक्रियेच्या खात्यावर टाकला तर सर्जनवर अन्याय होतो आणि रुग्णाला बरं होण्याचा चुकीचा अंदाज दिला जातो. शस्त्रक्रियेआधीचा आवाज कसा होता हे विचारल्यावर घरचे "चांगला होता" एवढंच सांगतात. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या फोनमधले महिना-दोन महिन्यांपूर्वीचे व्हॉट्सअॅपचे आवाजी निरोप ऐकायचे. नातवाला पाठवलेलं वाढदिवसाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंगही पुरतं.

आता नळी. "नळीमुळे आवाज बसलाय, होईल दोन दिवसांत" हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. सूज दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात उतरते. पण नळीने लकवाही होतो, आणि तो कसा होतो हे लक्षात घेण्यासारखं आहे. नळीच्या टोकाशी हवेचा फुगा असतो. तो स्वरतंतूंच्या अगदी खाली राहिला किंवा जास्त फुगवला गेला तर नसेची पुढची फांदी फुगा आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये दाबली जाते. फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा ठेवायचा असतो, आणि तो बोटाने दाबून कळत नाही, दाबमापकच लागतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत शरीर थंड करतात तेव्हा दाब उतरतो. कुणी त्या वेळी हवा भरली तर शरीर पुन्हा गरम होताना तोच दाब मर्यादेच्या वर जातो. रुग्णाची बाजूही बघायची: वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब, आणि नळी सहा तासांपेक्षा जास्त. मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या, त्यांना थोडा दाबही सोसत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण या चारही खणांत सहसा बसतोच, हीच मोठी अडचण आहे.

फाइल झाली की खाटेपाशी. आधी बोलतं करायचं. आवाज नुसता घोगरा आहे की त्यातून हवा निसटते आहे, हे कानाला कळतं. नळीच्या सुजेत आवाज खरखरीत आणि जाड असतो. लकव्यात तो पोकळ, कुजबुजल्यासारखा, आणि वाक्य संपायच्या आत श्वास संपतो. मग खोकायला सांगायचं. निरोगी खोकल्याला सुरुवातीला एक ठोका असतो. तंतू मिटले नाहीत तर तो ठोकाच नसतो, नुसती हवा बाहेर येते. छातीचं हाड शिवलेलं असतं, त्यामुळे उशी छातीशी धरूनच खोकायला लावायचं. दुखण्याने दबलेला खोकला आणि मिटता न आल्याने दबलेला खोकला यांत इथे गफलत होते.

दुखण्यामुळे आणखी एक चाचणी फसवी ठरते. "आ" किती वेळ धरता येतो हे घड्याळ लावून मोजतात. निरोगी प्रौढ १५ ते २५ सेकंद धरतो, लकव्यात तो १० च्या खाली, अनेकदा ५ च्या आसपास येतो. पण टाके ताजे असताना पूर्ण श्वासच घेता येत नाही, मग आकडा सगळ्यांचाच पडतो. त्यावर उतारा असा: "स्स्स" आणि "झ्झ्झ" दोन्ही धरायला लावायचे. "स" ला स्वरतंतू लागत नाहीत, "झ" ला लागतात. श्वास कमी असेल तर दोन्ही सारखेच आखूड येतात. "स" चा वेळ "झ" च्या १.४ पटीहून जास्त आला तर हवा तंतूंमधून गळते आहे.

मग नाकातून लवचिक दुर्बीण. जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, काम दोन मिनिटांचं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात म्हणून रुंद नाकपुडी निवडायची, जेली भरपूर लावायची आणि जबरदस्ती करायची नाही. घशात बधिर करणारा फवारा मारायचा नाही, कारण पुढे गिळणं तपासायचं असतं आणि बधिर घसा निरोगी माणसालाही ठसका लावतो. "काका, 'ई' म्हणा. आता नाकाने फूल हुंगल्यासारखा श्वास घ्या." "ई" ला दोन्ही तंतू मध्यावर यायला हवेत, हुंगताना दोन्ही बाजूला सरकायला हवेत. डावा लकवा असेल तर उजवा येतो-जातो, डावा मध्याच्या जरा बाहेर तसाच राहतो आणि त्या बाजूच्या खळग्यात लाळ साचलेली दिसते. एक चकवा असतो: निरोगी बाजू मिटताना लकवा झालेल्या बाजूच्या अॅरिटेनॉइड कूर्चेला (स्वरतंतूचं मागचं टोक जिला जोडलेलं असतं तिला) धक्का देते आणि ती हलल्याचा भास होतो. म्हणून निर्णय हुंगण्यावर घ्यायचा. सुजेमुळे काही दिसेना तर ४८ तासांनी पुन्हा बघायचं. नळी घालताना कूर्चा सांध्यातून निसटली असेल तर चित्र लकव्यासारखंच दिसतं. शंका राहिली तर स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी (स्नायूतल्या विद्युत संकेतांची तपासणी) करतात, पण नस तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला तीन-चार आठवडे जावे लागतात, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

दुर्बीण आत असतानाच गिळण्याची तपासणी उरकायची. पांढरं दूध आणि दही गुलाबी घशावर छान उठून दिसतं. आधी चमचाभर घट्ट दही, मग चमचाभर दूध, मग घोट. दूध तंतूंच्या खाली उतरलं आणि रुग्ण खोकला नाही, तर ते सगळ्यात वाईट. दोन दिवसांपेक्षा जास्त नळी राहिलेल्यांचा घसा असा मुका होतो. दुर्बीण नसेल तिथे ९० मिली पाणी न थांबता पिण्याची चाचणी वापरतात: ठसका, ओला आवाज किंवा मध्येच थांबणं यांपैकी काहीही झालं तर तोंडाने पाणी बंद आणि पुढची तपासणी. पण ही चाचणी सरळ बसता येणाऱ्या, जाग्या रुग्णावरच करायची.

अमेरिकेच्या कान-नाक-घसा अकादमीची २०१८ ची मार्गदर्शिका साध्या बसलेल्या आवाजासाठी चार आठवडे थांबायला मुभा देते, पण नुकतीच छातीची किंवा मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि नळी घातलेल्यांना त्यातून वगळते. त्यांना स्वरयंत्र लवकर बघायला सांगितलं आहे. आमच्या मते कमान, डावा वरचा खंड आणि अन्ननलिका या तिघांत ठसक्याची वाटही बघू नये. पहिला घोट देण्याआधीच दुर्बीण घालावी.

खाण्यापिण्याचं घरच्यांना समजावताना वेळ लागतो, कारण ते आजाऱ्याला "पातळ, पचायला हलकं" म्हणून नेमकं तेच देतात जे फुप्फुसात जातं. पाणी, पातळ ताक, सार, डाळीचं वरचं पाणी हे सगळ्यात अवघड पदार्थ. ते इतक्या वेगाने घशातून जातात की अर्धवट मिटणाऱ्या तंतूंना वेळच मिळत नाही. चालतं ते गुरगुट्या भात, घट्ट मूगवरण एकजीव करून, नाचणीची घट्ट खीर, खिमट, दही, कुस्करलेलं केळं. पातळ आमटीत कालवलेला भात नको, कारण तोंडात भात राहतो आणि आमटी पुढे पळते. चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी नंतर. पाणी हवंच असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी घट्ट करायची पूड डब्यावरच्या मापाने घालायची, अंदाजाने नाही.

बसणं ताठ, जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हनुवटी छातीकडे झुकवून आणि तोंड लकव्याच्या बाजूला, म्हणजे बहुधा डावीकडे, वळवून गिळायचं; त्याने ती बाजू दाबली जाते आणि घास निरोगी बाजूने उतरतो. आणि तांब्या वर धरून, मान मागे टाकून पाणी पिणं पूर्ण बंद. भांडं उष्टं करायचं नाही ही सवय चांगली असली तरी मान मागे गेली की श्वासाची वाट सताड उघडी पडते. गोळ्यांचंही बघावं लागतं. पाण्याबरोबर त्या अडकतात, म्हणून घरचे कुटून देतात. पण आवरण असलेली अॅस्पिरिन आणि हळूहळू विरघळणारी मेटोप्रोलॉल कुटायची नसते. त्या दह्यातून अख्ख्या द्यायच्या किंवा हृदयतज्ज्ञांकडून दुसरा प्रकार लिहून घ्यायचा.

आवाजाच्या व्यायामात जुन्या पुस्तकांतला एक प्रकार इथे चालत नाही: खुर्ची दोन्ही हातांनी दाबत किंवा भिंत ढकलत जोराने "आ" काढणं. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर असा जोर टाक्यांवर आणि रक्तदाबावर येतो. कपालभातीही तोवर नको. त्याऐवजी स्ट्रॉमधून हलकेच आवाज काढणं आणि ओठ मिटून "म्म्म" गुणगुणणं. ओंकार म्हणायचा तर तोही हळू. ओढून-ताणून बोलणाऱ्यांचे खरे तंतू सोडून वरचे खोटे तंतू मिटायला लागतात, आणि ती सवय पुढे नस बरी झाली तरी सुटत नाही.

नस बरी होते का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. नुसती बधिर झाली असेल तर काही आठवड्यांत हालचाल परत येते. नसेच्या आतले धागे तुटले असतील तर वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि कमानीपासून स्वरयंत्रापर्यंतचं अंतर १० सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे चार महिने तरी हवेत, आणि तेव्हाही फांद्या चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळू शकतात. स्वरतंतू मग हलत नाही, पण स्नायूचा पीळ टिकल्याने आवाज बरा राहतो. म्हणून कायमची शस्त्रक्रिया सहसा सहा ते बारा महिने थांबून करतात. नस कापली गेली हे सर्जनने स्वतःच लिहिलं असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

या मधल्या काळासाठी इंजेक्शन आहे. थांबलेल्या तंतूच्या आत साधारण अर्धा ते एक मिली भरणा घालून तो मध्याकडे ढकलायचा. हायलुरॉनिक अॅसिड काही महिने टिकतं, सेल्युलोजची जेल दोन-तीन महिने, कॅल्शियम हायड्रॉक्सिलअॅपटाइट वर्षभर किंवा जास्त. जागेपणी, मानेतून सुई घालून, दुर्बिणीत बघत करता येतं, त्यामुळे नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाला पुन्हा पूर्ण भूल द्यावी लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अनेकदा थांबवाव्याही लागत नाहीत, पण कृत्रिम झडप असेल तर हा निर्णय हृदयतज्ज्ञांनीच घ्यायचा. फुप्फुस काढलेल्या रुग्णात आम्ही हे इंजेक्शन पहिल्या काही दिवसांतच सुचवतो. तिथे उद्देश कफ बाहेर टाकण्याचा असतो. आवाज सुधारतो तो वरकड फायदा.

बाळांचं गणित निराळं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची उघडी राहिलेली डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी) शस्त्रक्रियेने बांधताना नस अगदी क्लिपच्या शेजारी असते, आणि वजन १ किलोच्या आत असेल तर जोखीम फार वाढते. कमानीची पुनर्रचना झालेल्या बाळांतही तसंच. खूण म्हणजे क्षीण रडं आणि दूध पिताना ऑक्सिजन उतरणं. अशा बाळाला बोंडल्याने दूध ओतायचं नाही, कारण प्रवाह बाळाच्या हातात राहत नाही. कुशीवर धरून, संथ धारेच्या बुचाने, आणि तोवर नाकातल्या नळीने. कॅथेटरमधून डक्टस बंद करण्याच्या एका साधनाला २०१९ साली अमेरिकेत ७०० ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी मान्यता मिळाली. त्या मार्गाने गेलं तर छातीच उघडावी लागत नाही आणि नसेला कुणी हात लावत नाही.

दोन्ही तंतू थांबले तर लक्षणं उलटी होतात. आवाज बरा असतो, श्वास घेताना मात्र शिट्टी वाजते. याला दमा समजून नेब्युलायझर देत बसण्यात वेळ जातो. शिट्टी श्वास आत घेताना आहे का बाहेर सोडताना, एवढं कान देऊन ऐकलं तरी पुरतं. आत घेताना असेल तर भूलतज्ज्ञाला बोलवायचं, नळी आणि ट्रॅकिओस्टॉमीची (मानेतून श्वासनलिकेत छिद्र करण्याची) तयारी ठेवायची.

वर्षभराने तंतू हलला नाही तर थायरोप्लास्टी. जपानच्या इशिकी यांनी १९७४ साली मांडलेली ही पद्धत आजही तीच आहे. जागा बधिर करून थायरॉइड कूर्चेत साधारण १ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर उंच खिडकी कापायची आणि सिलिकॉनचा ठोकळा आत सरकवायचा. रुग्ण जागा असतो. "मावशी, एक ते दहा मोजा." आवाज पोकळ आला तर ठोकळा काढून जाड तासून घालायचा, घुसमटला तर पातळ करायचा. सूज चढत जाते म्हणून टेबलावर आवाज किंचित जास्त दाबलेला ठेवावा लागतो. त्या रात्री श्वासावर लक्ष ठेवायचं, रक्त साचलं तर वाट बुजते.

हा ठोकळा आयुष्यभर आत राहतो. म्हणून त्याची नोंद हृदयाच्या कागदांसोबतच ठेवावी आणि पुढे कुठल्याही कारणाने पूर्ण भूल घ्यायची वेळ आली, कसलीही शस्त्रक्रिया असली, तरी भूलतज्ज्ञांना आधी सांगावं. ते नळी एक-दोन मापं लहान, ६ किंवा ६.५ ची निवडतात.